दोन काठांचा सांतान

ही गोष्ट आमच्या आज्यांच्याही आज्यांच्या वेळची. वसईकडच्या एका खाडीच्या अलीकडे मोरकांड, पलीकडे पालखार, आणि मधे सांतानची होडी. बापाकडून वल्हं घेतलं त्या दिवशी त्याने ख्रिस्ती देवळात वेदीपुढे शब्द दिला होता, ज्या काठावरून हाक येईल त्या काठाला जाईन.

एका वर्षी पालखारात देवीची साथ आली. घरटी माणूस आजारी पडलं. मोरकांडच्या लोकांनी सांतानला क्रुसावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं, की पलीकडची साथ तू गावात आणणार नाहीस. त्याचा हात अजून क्रुसावर होता, तोच पलीकडून हाक आली.

सांतान गोंधळला. पाद्रीबाबांना म्हणाला, "दोन्ही शब्द देवापुढेच दिलेत. कुठला मोडू?"

 पाद्रीबाबा म्हणाले, "मला कळत नाही रे. प्रभू क्रुसावर होता तेव्हा खाली जे उभे होते, त्यांनाही काही कळत नव्हतं. पण ते सोडून गेले नाहीत."

सांतानने होडी सोडली आणि खाडीच्या मधोमध नेऊन थांबवली. तो घरी परतला नाही. त्याची बायको मोनी रोज मोरकांडच्या काठावरच्या खडकावर भाताची हंडी आणि औषधाचा काढा ठेवून मागे सरायची. तो ते उचलायचा, पालखारला द्यायचा, आजाऱ्यांना पाणी पाजायचा, मेलेल्यांना माती द्यायचा आणि पुन्हा मधे येऊन राहायचा. रिकामी हंडी मात्र कधी परत आणली नाही.

"घरी कधी येणार?" मोनी काठावरून विचारायची.

"कळत नाही, मोनी. तू येत राहा."

ती येत राहिली. असं म्हणतात, की होडीला नांगर नव्हता, तरी उधाणाच्या भरतीत ती तसूभर हलली नाही. असंही म्हणतात, की ती थांबायची तिथलं पाणी गोडं झालं होतं.

एकेचाळिसाव्या दिवशी साथ सरली. दोन्ही गावं काठावर आली. होडी जागच्या जागी होती, वल्हं ओलं होतं, सांतान नव्हता. कुणी म्हणालं, त्यालाही देवी आल्या असतील. कुणी म्हणालं, प्रभूने नेलं. पालखारचे म्हणाले, तो आमचा. मोरकांडचे म्हणाले, आमचा. मोनीला विचारलं, तर ती म्हणाली, "कुठून तरी हाक आली असेल." आणि दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हंडी ठेवली. मरेपर्यंत ठेवत होती.

आजही दरवर्षी, साथ सरली त्या दिवशी, माणसं पलीकडे नेणारी होडी खाडीच्या मधोमध थांबते. वल्ही वर घेतात. कुणी बोलत नाही. नवखा माणूस विचारतो, का थांबलो?

होडी हाकणारा तांडेल सांगतो, "आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण थांबतो."