लवंडाईची पट्टी

कांदळवाडीच्या किनाऱ्यावर दोन रिसॉर्टांच्या मधोमध वाळूची एक पट्टी मोकळी दिसते. इकडे छत्र्या नि आरामखुर्च्या, तिकडे घोडागाडी नि उंटाची फेरी. मध्ये मात्र काही नाही. तिला लवंडाईची पट्टी म्हणतात. पाहुणे देऊळ शोधतात. देऊळ नाही, शेंदूर फासलेला दगडही नाही. लवंडाई कुणी देवी नव्हतीच. ती पोशीबाय नावाची कोळीण होती, आणि ती फार दमली होती, असे सांगतात.

त्या वर्षी जवळा, ती बारीक कोळंबी, जाळ्यात उशिरा लागला. पोशीबायचा नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला. घरात सासू नि चार पोरं. पावसाच्या चार महिन्यांत तोंडात घालायला सुकट तेवढंच, आणि जवळा सुकायला तीन दिवसांचं कडक ऊन हवं. एक दिवस हुकला की तो कुजतो, मग खताला जातो. ढग तर डोंगरापाशी येऊन बसू लागले होते.

नेमक्या त्याच वैशाखात गडावरच्या सरदारांच्या बाईसाहेब हवापालटाला आल्या. त्यांना म्हणे सहा महिने झोप नव्हती. वैद्यांनी समुद्राचा वारा सांगितला होता. त्यांचे कारभारी विसाजीपंत तंबू घेऊन पुढे आले नि पोशीबायला म्हणाले, बाई, हा वास इथून हलवा. तिने जवळा गोळा केला, डोक्यावर वाहून लांब नेऊन पसरला. तिथून म्हादू गवळ्याच्या म्हशी गवताला जायच्या. ती त्यांची बापजाद्यांपासूनची वाट. म्हादू भला माणूस. म्हणाला, बाय, म्हशीला मी काय सांगू, जवळ्यातून चालू नको म्हणून? तिने पुन्हा गोळा केला. तिसऱ्या जागी नेला, तर तिथे होड्यांना तेल चोपडायचं होतं, आणि त्या होड्या तिच्याच दिराच्या.

कुणाचंच खोटं नव्हतं. भांडायला तोंड उघडावं तर समोरच्याचंही पटायचं, आणि तिथेच तिची निम्मी ताकद जायची.

चौथ्यांदा तिने जवळा पहिल्याच जागी आणून पसरला. ऊन डोक्यावर आलं होतं. खराट्याचा शेवटचा हात फिरवून ती उठायला गेली, तर उठवेना. मग जवळ्याच्या कडेलाच, तोंडावर पदर ओढून, ती आडवी झाली. जाऊ धावत आली. काय झालं म्हणून तिने विचारलं.

"काही नाही गं. जरा लवंडते," पोशीबाय म्हणाली.

जाऊही पहाटेपासून उभीच होती. पोशीबायच्या पायांशी डोकं करून तीही लवंडली. मग तिसरी, मग चौथी. असं करत केवड्याच्या बनापासून भरतीच्या रेघेपर्यंत बावीस बायका ओळीने पडल्या. ठरवलं कुणीच नव्हतं.

जवळा उचलायला पंतांचा गडी खराटा घेऊन आला नि ओळ ओलांडून पलीकडे गेला. पोशीबायची सासू तिथे कावळे हाकत बसली होती. ती म्हणाली, "निजलेल्या माणसाला ओलांडलंस, बाबा. तिचं आयुष्य तुटतं. उलटा ओलांड."

गडी ओशाळला. उलटा फिरून त्याने पाय टाकला, दोष फिटला. पण आता तो होता तिथेच परत आला होता. पंतांनी त्याला दटावलं आणि स्वतः निघाले. म्हातारीने त्यांनाही परत आणलं. तीन वेळा गेले, तीन वेळा आले. धोतर वाळूने भरलं.

"पंत, दमलात," म्हातारी म्हणाली. "तुम्हीपण लवंडा."

बायका पदराआड हसल्या, पण उठली एकही नाही.

तेवढ्यात बाईसाहेबांची पालखी आली. ओळ ओलांडायला भोई तयार होईनात. बाईसाहेबांनी विचारलं, ह्या कशासाठी पडल्यात? पोशीबायने डोळे न उघडताच सांगितलं, "तीन दिवसांचं ऊन पाहिजे, बाईसाहेब. मग वाळू तुमची."

बाईसाहेब पालखीतून उतरल्या नि ओळीच्या टोकाला, पाण्याकडे, आडव्या झाल्या. म्हणे सहा महिन्यांनी त्यांचा डोळा लागला तो तिथे, भर दुपारी, जवळ्याच्या वासात. त्यांना उठवायची कुणाची छाती होईना, आणि ओलांडायची तर नाहीच.

तीन दिवसांनी सुकट घरात पोचलं. तंबू खाडीकडे हलले, म्हशींनी केवड्यामागून वाट धरली, दिराने होड्या सरकवल्या. ठरलं ते एवढंच, की जवळा पसरलेला असेल तोवर वाळू बायकांची, झाडून उचलला की ज्याला हवी त्याची. पोशीबाय घरी जाऊन दोन दिवस झोपली. कुणी म्हणतात ती उठलीच नाही. ते खरं नाही; पुढे तिला नातवंडं झाली.

आजही फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी बायका तिथे लवंडतात. पाहुणा ओलांडून गेला तर कुणी रागावत नाही. पदराखालून एक हात वर येतो नि बोट उलटं फिरतं. पाहुणे हसतात, फोटो काढतात, पण परत ओलांडतात. दर साली कुणीतरी पट्टीत हद्दीच्या नव्या खुंट्या ठोकून जातं, नि त्या उपटाव्या लागतात. बायका मात्र आता बावीस भरत नाहीत. गेल्या वर्षी नऊ होत्या. मधल्या फटींत त्या रिकाम्या टोपल्या ठेवतात. पण टोपली ओलांडली तर कुणाचं आयुष्य तुटत नाही, नि कुणाला परत फिरावंही लागत नाही.