पळीभर विरजण आणि एक हत्ती

"नजराणा जरूर द्या, पण माझ्या राज्यातलं कणभरही काही कमी होता कामा नये!" घाटावरच्या राज्याच्या महाराजांनी मूठ आपटली. "जमत नसेल तर घाटात कायमची भिंत घालतो!"

सभेतल्या मंडळींनी माना खाली घातल्या. सगळं भांडण एका हत्तीवरून पेटलं होतं. मागच्या साली सभेचं शिष्टमंडळ घाट उतरून शेजारच्या राज्यात गेलं आणि नजराणा म्हणून महाराजांचा लाडका हत्ती देऊन आलं. इकडे महाराजांना हत्तीवाचून चैन पडेना. तिकडे हत्तीनं खालच्या महाराजांची केळीची बाग फस्त केली. दिलेला नजराणा मागणार कोण आणि घेतलेला परत करणार कोण? दोघांचाही ताठा आडवा आला आणि घाटाची चौकी बंद झाली. वर मीठ येईना, खाली धान्य जाईना. बोलणी करायची तर रिकाम्या हातानं जायची रीत नव्हती. त्यात खालच्या महाराजांनी आधीच बजावलं होतं, "पोसावं लागेल असलं काही घेणार नाही! आणि कुणाचे उपकारही नकोत!"

सभेचे प्रमुख दाजीसाहेब खाकरले. "आपण त्यांची स्तुती करावी."

"म्हणजे माझी कमी होईल!"

"मग आश्वासन द्यावं?" दुसरे सभासद म्हणाले.

"ते पुढे पाळावं लागतं," महाराज म्हणाले.

दाराशी दुधाची चरवी घेऊन गोजरा गवळण उभी होती. तिची लेक ठकू खालच्या राज्यात नांदत होती, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आणि हे निघाले भिंत घालायला! ती तडक पुढे झाली.

"महाराज, नजराणा मी देते. तुमच्या मुदपाकखान्यातलं पळीभर दही तेवढं द्या."

"पळीभर कमी झालं की!"

"आज रात्री त्यात नेहमीसारखं दूध घाला आणि उद्या सकाळी मडकं बघा. कमी दिसलं तर माझी गुरं तुमची!"

गोजरा शिष्टमंडळाबरोबर घाट उतरली. दाजीसाहेबांनी जरीची पगडी घालून दह्याची वाटी पुढे केली. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"दही?" खालचे महाराज कडाडले. "थट्टा करता आमची?"

"विरजण आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "आज रात्री तुमच्या दुधात घाला. उपकार नको असतील तर सकाळी पळीभर परत करा. फिटलं!"

सकाळी दही कसं घट्ट लागलं होतं! महाराजांनी पळीभर परत केलं आणि ते मडक्यात डोकावले. "अरे, फेडूनही उरलंच की!"

"पण हे रोज लावावं लागतं हं, महाराज. खंड पडला की मरतं. तुमचं नासलं तर आमच्याकडून न्या, आमचं नासलं तर आम्ही येऊ. दोन्ही सभांच्या माणसांनी येत-जात राहिलं पाहिजे."

"आणि चौकी?"

"बंद चौकीवरून उडी मारली तर दही सांडतं, महाराज."

खालच्या महाराजांनी मिशीतल्या मिशीत हसून चौकी उघडायला सांगितली.

शिष्टमंडळ परतल्यावर वरच्या महाराजांनी स्वतः मडकं तपासलं. काठोकाठ भरलेलं! त्यांनी मडकं हलवूनही पाहिलं.

"माग, काय हवं ते माग!"

"एक मेणा द्या. खालून माझ्या लेकीला बाळंतपणाला आणायचं आहे."

महाराजांचे डोळे बारीक झाले. "अस्सं! म्हणजे ही सगळी धडपड राज्यासाठी नव्हतीच. लेकीसाठी घाट उघडलास तू!"

"हो, महाराज," गोजरा म्हणाली. "पण राज्याचं काही कमी झालं का?"

महाराज पोट धरधरून हसले. मेणा तर दिलाच, वर गोजराला सभेच्या शिष्टमंडळात कायमची जागा दिली.

चार दिवसांनी ठकूचा मेणा घाट चढून आला. मागून हत्ती! खालच्या महाराजांचा निरोप होता, "पोरीच्या सोबतीला हत्ती देत आहोत. परत धाडण्याची घाई करू नये."

वरचे महाराज अनवाणीच चौकीपर्यंत धावले. गोजराच्या लेकीला घ्यायला आलो, असं ते म्हणाले.