सावली मागे सरली

पूर्वी शाल्मली नगरात सुवीर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजज्योतिष्याच्या कुळात जन्मला आणि पुढे त्याच पदावर बसला. सूर्य उत्तरेकडे वळेल त्या दिवशी तिळाचा सण करायचा आणि कैदी सोडायचे, अशी त्या नगराची रीत होती. हा दिवस बोधिसत्त्वाच्या पूर्वजाने चौकातल्या दगडी खांबाची सावली मोजून ठरवला होता. पुढे लोकांनी खांबाला शेंदूर फासला, हार घातले आणि सावली मोजायचे सोडून दिले. एकदा देव केला की त्याला कामाला कोण लावणार?

एका वर्षी त्या दिवसाला दहा दिवस उरले होते. राजाच्या बागेतले लाकूड तोडले म्हणून रेवा नावाच्या म्हातारीचा मुलगा तुरुंगात होता आणि तापाने फणफणत होता. ती रोज तुरुंगासमोर, खांबाजवळ उन्हात बसून राही. बोधिसत्त्व तिथून जाताना तिने विचारले, "सूर्य कधी वळायचा, बाबा?"

"अजून दहा दिवस, आई."

"तेवढे दिवस माझं लेकरू काढायचं नाही. अन् मला तर वाटतं, तो वळला. मागं भर दुपारी सावली पायावर यायची, म्हणून मी सरकून बसायचे. आता सरकावं लागत नाही. वीतभर मागं गेलीय बघा."

बोधिसत्त्वाने त्या दुपारी दोरीने सावली मोजली. दुसऱ्या दुपारी ती बोटभर आखूड भरली; सूर्य अजून दक्षिणेकडे जात असता, तर ती लांबली असती. म्हातारीचे खरे होते. बोलावे तर कुळाला बट्टा आणि पदावर पाणी; गप्प बसावे तर कोणाला कळणारही नव्हते. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली. तरी तो तसाच राजाकडे गेला आणि सूर्य आधीच वळल्याचे त्याने सांगितले.

"म्हणजे तुमच्या पूर्वजाची गणना चुकली?" राजाने विचारले.

"नाही, महाराज. सूर्य वळण्याचा दिवसच पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू अलीकडे सरकत गेला. आम्ही पुन्हा मोजले नाही. चूक आमची, आणि या वर्षी माझी."

"आणि सण? घरोघरी तीळ भाजून ठेवलेत!"

"सण त्याच्या दिवशी होऊ द्या. तीळ नऊ दिवस टिकतात, महाराज. तापातला माणूस टिकेलच असे नाही."

राजा हसला. दिवस मावळण्याआधी तुरुंगाची दारे उघडली. घरच्या पेजेवर मुलगा सावरला आणि सणाच्या दिवशी स्वतः तीळ घेऊन बोधिसत्त्वाकडे आला. राजाने ज्योतिषपद बोधिसत्त्वाकडेच ठेवले, आणि रोज सावली पाहायला रेवाला नेमले.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपले धान्य सांभाळणारा भिक्षू. रेवा म्हणजे समोरची ही वृद्ध भिक्षुणी. उन्हातली जागा ती आजही सोडत नाही. तो ज्योतिषी मी होतो. आपली चूक आपण होऊन सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा. तिला मुहूर्त लागत नाही."