अर्दोबीचा कुजबुजता ईस्टर

जॉर्जियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत अर्दोबी नावाचे एक गाव आहे. ईस्टरच्या पहाटे त्या देशातल्या गावोगावच्या घंटा घणघणू लागतात. अर्दोबीत मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता असते. माणसे चर्चच्या अंगणात जमतात, एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ‘ख्रिस्त उठला’ म्हणतात आणि समोरचा तितक्याच हळू ‘खरोखर उठला’ म्हणतो. नवख्या पाहुण्याला वाटते, गावात कुणी गेले की काय. मग चर्चची किल्ली सांभाळणारा म्हातारा निनिया त्याला उन्हाच्या बाजूला भिंतीशी बसवतो आणि ही हकीकत सांगतो.

फार जुना काळ. सगळ्या मुलखावर मंगोलांचा अंमल होता. या खोऱ्यात तोर्निके नावाचा राजपुत्र राज्य करी. राज्य म्हणायचे ते आपले अर्धेमुर्धे. न्यायनिवाडा त्याचा, किल्ला त्याचा, चर्चही त्याचे. पण लढाईसाठी स्वार मागितले की निमूट द्यायचे आणि दर वर्षी मंगोल सरदारापुढे जाऊन मान लववायची. या सरदाराला नोयान म्हणत. त्याचे नाव बुखादाय. तोर्निकेने पाठीत खंजीर खुपसू नये म्हणून त्याचा एकुलता एक धाकटा भाऊ नोयानने आपल्या छावणीत ओलीस ठेवला होता.

एका हिवाळ्यात नोयान खोऱ्यातून जात असता त्याचा पांढरा ससाणा आजारी पडला. हे पाखरू त्याला खुद्द खानाने दिलेले. इथली थंड हवा त्याला मानवेल म्हणून नोयानने ते तोर्निकेच्या मुठीवर बसवले आणि दुभाष्याकरवी सांगितले, “पाखरू तुझ्याकडे, भाऊ माझ्याकडे. दोघांचीही पिसे शाबूत राहू देत. आणि एक लक्षात ठेव, याला उडवायचे नाही.”

तोर्निकेने पाखराला जिवापलीकडे जपले. स्वतःच्या हाताने मांस भरवले. पाखरू टवटवीत झाले, आणि तिथेच घात झाला. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी ते हातावर पंख फडफडवू लागले तेव्हा तोर्निकेच्या मनात आले, एकदाच. एकदा हे आभाळात कसे दिसते ते बघू. त्याने पाखराच्या डोळ्यांवरची कातडी टोपी काढली, पायाला बांधलेली वादी हातातून सोडली. ससाणा उडाला, एक गिरकी घेतली आणि कड्यापलीकडे दिसेनासा झाला. त्याने हाका मारल्या, मांसाचा तुकडा दोरीला बांधून गरगरा फिरवला. पाखरू काही परतले नाही.

संध्याकाळी तो रित्या हाताने घरी आला. त्याची बायको बोरेना दारातच उभी होती. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती काय ते समजली.

“उद्या प्रार्थना झाली की मी छावणीत जातो,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. भावाला सोड, त्याच्या जागी मला ठेव, असे सांगतो.”

“आणि त्यांनी दोघांनाही ठेवून घेतले तर?”

तोर्निकेने पाखराची टोपी कमरेला खोचली.

उजाडता उजाडता सारे खोरे चर्चच्या अंगणात लोटले. हरवलेल्या ससाण्याची गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती. सणाचे कपडे अंगावर होते, पण तोंडे उतरलेली. तोर्निके खाली मान घालून उभा होता. इतक्यात बोरेनाने त्याचा दंड घट्ट धरला. तिने हनुवटीने वर खुणावले.

घंटाघराच्या आढ्याखाली, घंटेच्या वरच्या तुळईवर, पांढरा ससाणा बसला होता. वादी पायाला लोंबत होती.

बोरेनाने ओठांवर बोट ठेवले. तिच्या शेजारणीने ठेवले, मग तिच्या शेजारणीने. बघता बघता सगळे अंगण गप्प झाले. आयांनी पोरांना पदराखाली घेतले. धर्मगुरूंनी पुस्तक मिटले. असे सांगतात की त्या घटकेला कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. पण सणाचा शब्द तर टाळता येईना. तेव्हा कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात तो पुटपुटला, आणि तसाच तो कानोकान अंगणभर फिरला.

आणि मग सगळ्यांना एकदमच मखारेबाबाची आठवण झाली.

मखारे हा घंटा वाजवणारा. चाळीस वर्षे घंटेखाली उभा राहून त्याचे कान पार गेलेले. कुणी इशारा करण्याची त्याला गरज नसे. समोरच्या शिखरावर ऊन आले की तो दोर ओढी. आताही तो वरच होता, शिखराकडे तोंड करून, अंगणाकडे पाठ. ससाणा त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर होता आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. शिखर तांबूस होऊ लागले होते. ओरडावे तर ज्याने ऐकायला हवे तो ऐकणार नाही, आणि ज्याने ऐकू नये तो उडून जाईल.

तोर्निकेने पायातले जोडे काढले आणि जिन्याकडे धावला. अरुंद दगडी जिना. एकेक पायरी चढताना त्याला वाटे, आता वाजली, आता वाजली. तो वर पोचला तेव्हा मखारेने दोर दोन्ही हातांनी धरून मागे ओढलाच होता. लोखंडी लोलक हलला. म्हाताऱ्याला अडवायला वेळ नव्हता. राजपुत्राने आपला उजवा हात घंटेत घातला.

घंटा वाजली नाही. ओल्या मातीवर दगड पडावा तसा एक बद्द आवाज झाला, बस. तोर्निकेची दोन बोटे चिरडली. त्याने दातांनी ओठ फाडला, पण तोंडातून हूं की चूं काढले नाही.

दोराचा हिसका नेहमीचा लागला नाही म्हणून मखारे वळला. धन्याचा रक्ताळलेला हात बघून त्याचे डोळे पांढरे झाले. तोर्निकेने नजरेनेच वर दाखवले. म्हाताऱ्याने वर पाहिले आणि दोर हळूच सोडून दिला.

ससाणा कालपासून उपाशी होता. त्याला ताज्या रक्ताचा वास आला म्हणा, की रोज भरवणारा हात ओळखू आला म्हणा. निनिया म्हणतो, ते देवाला ठाऊक. त्याने मान वाकडी केली, पंख उघडले आणि उतरून तो नेमका त्याच जखमी हातावर बसला. नखे उघड्या जखमेत रुतली. तोर्निके जागचा हलला नाही. मखारेने दोर ओढून ओढून घट्टे पडलेला आपला हात पुढे केला आणि वादी मुठीत पकडली. मग तोर्निकेने डाव्या हाताने कमरेची कातडी टोपी काढून पाखराच्या डोळ्यांवर चढवली.

खाली कुणी श्वास घेत नव्हते. त्या शांततेत मखारेबाबा, बहिरी माणसे बोलतात तसा, बेंबीच्या देठापासून ओरडला, “धनी, आता वाजवू का?”

सगळे अंगण हसत सुटले. हसता हसता रडू लागले. बोरेना तर खाली मातीतच बसली. “वाजव!” सगळे एकदम ओरडले. मखारेला ऐकू आले नाही, पण तोंडे दिसली. त्या दिवशी त्याने दुपारपर्यंत घंटा वाजवली म्हणे.

तोर्निके छावणीत गेला, पण ससाणा घेऊन. त्याने काहीही लपवले नाही. नोयानने पाखराचे एकेक पीस बोटाने उलगडून पाहिले, मग राजपुत्राच्या हाताची पट्टी सोडायला लावली.

“पिसे शाबूत आहेत,” तो म्हणाला. “बोटे नाहीत. खोटे बोलला असतास तरी मला कळले नसते. पाखरू उडवलेच नाही, असे सांगून निभावले असते. ज्याला ते सुचले नाही, त्याचा ओलीस ठेवून मी काय करू? ने तुझ्या भावाला.”

दोघे भाऊ एकाच घोड्यावर बसून घरी आले. वाटेत धाकटा विचारत राहिला, “फार दुखते का?” आणि थोरला म्हणत राहिला, “आता नाही.”

आजही ईस्टरच्या पहाटे ऊन शिखरावरून अंगणात उतरेपर्यंत अर्दोबी कुजबुजते. मग गावातला सर्वांत वयस्क माणूस घंटाघरात चढतो आणि कान गेल्यासारखा ओरडतो, “आता वाजवू का?” गेली चार वर्षे हा मान निनियाचा आहे. जिना चढताना आपल्याला धाप लागते, असे तो सांगतो. पण खालून अख्ख्या गावाचे ‘वाजव!’ आले की पुढचे काम दोरच करतो.