राजाच्या सावलीचा शेला

एका सकाळी राजा धुंडिराजाला आपली सावली धुळीत लोळताना दिसली आणि त्याच्या घशाखाली घास उतरेना. राजाची सावली, अन् तीही उघडी! त्याने लगेच कोष्टीवाड्यात दवंडी पिटवली : सूर्य मावळायच्या आत सावलीच्या मापाचा शेला विणा. बोटभर कमी पडला किंवा उरला, तर बाराही घरचे माग चुलीत जातील.

त्या मागांवर बायकाच बसत. माग चुलीत गेले की पुन्हा त्या चुलीवर शिजवायला काही असणार नव्हतं. म्हातारी ठकूमावशी कपाळ धरून बसली.

“मावशी, उठ. माप घ्यायला जाऊ,” शेजारच्या मागावरची सारजा म्हणाली.

“सावलीचं माप? उन्हानं डोकं फिरलं का तुझं?”

सारजाने सूत आणि खुंट्या उचलल्या. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, एकदा मागावर चढला की वाढत नाही आणि घटतही नाही. हे तिला ठाऊक होतं. राजाला नव्हतं.

राजवाड्याच्या अंगणात तिने सुताचं टोक राजाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि सावलीच्या डोक्यापाशी खुंटी ठोकली. दहा धागे ताणले, तोवर सावली सरकली.

“महाराज, हलू नका.”

“मी कुठं हललो?”

“मग सावली हलली. जरा दटावा तिला.”

राजाने दटावलं. प्रधानाने दटावलं. दोन शिपाई भाले रोखून सावलीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, तरी ती सटकलीच. ठकूमावशी खुंटी उपटून उपटून दमली. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं, तेव्हा राजा घामाने निथळत होता, पायाशी सुताचा गुंता झाला होता आणि सावली नखांपाशी येऊन बसली होती.

“मिळालं का माप?”

“मिळालं. चार बोटं.”

“चार बोटांचा शेला? अगं, संध्याकाळी ती कुंपणापर्यंत जाते!”

“ताणा एकदाच लागतो, महाराज. सकाळची झाकू, आताची, की संध्याकाळची? कुठलीही एक सांगा.”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने आपल्याच सावलीकडे पाहिलं.

“म्हणजे ती उघडीच राहणार?” राजाचा आवाज रडवेला झाला.

“छे! चार पावलं मागं, त्या सज्जाखाली या.”

राजा अंगठ्याचं सूत सांभाळत लंगडत सज्जाखाली गेला.

“आता शोधा तुमची सावली.”

राजाने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, एक पाय उचलून त्याखालीही पाहिलं. सावली कुठेच नव्हती.

सारजा म्हणाली, “राजवाड्यानं तिला आपल्या सावलीत झाकून घेतलंय. एवढा रुंद शेला आमच्या कुठल्या मागावर निघणार, महाराज?”

राजा इतका हसला की अंगठ्याचं सूत तटकन तुटलं. त्याने आपल्या खांद्यावरचा शेला काढून सारजाच्या खांद्यावर घातला. त्या दिवसापासून राजवाड्याचं सगळं कापड त्याच बारा मागांवर निघू लागलं. माप मात्र अंगाचं घेतलं जाई, आणि तेही सज्जाखाली.