पिएत्रानेराची रंगवलेली खिडकी

मंडळी, फोटो काढून झाले असतील तर इकडे या. कठड्यावर बसू नका, तो जुना आहे. मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्न करून या पिएत्रानेरात आले आणि इथेच म्हातारी झाले. इटलीच्या या किनाऱ्यावरची पाच गावं तुम्ही सकाळपासून बघताय, आणि सकाळपासून तुमचं 'किती गोड, किती गोड' चाललंय. गुलाबी घर, पिवळं घर, शेंदरी घर. आता त्या टोकाच्या खडकावरचं शेवटचं घर बघा. समुद्राकडच्या भिंतीत खिडकी दिसते ना, हिरवी झडप अर्धी उघडी आणि आत दिवा? ती खिडकी नाही. नुसता रंग आहे, मागे दगड रचलेले आहेत. तिची गोष्ट सांगते. ऐकून झाल्यावर गोड म्हणवतं का ते तुमचं तुम्हीच ठरवा.

फार पूर्वी ही सगळी गावं राखाडी होती, असं सांगतात. डोंगराच्याच दगडाची घरं, दुरून डोंगर कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होतं ते कळत नसे. पुरुष होड्या घेऊन मासळीला जात. ज्या घरचा माणूस पाण्यावर असेल त्या घरची बाई तिन्हीसांजेला खिडकीत तेलाचा दिवा ठेवी. बंदराचं तोंड अरुंद आहे, त्या टोकाच्या खडकाला वळसा घालूनच आत यावं लागतं. म्हणून होडीवाल्यांना लहानपणापासून एकच शिकवण: शेवटचा दिवा मागे पडला की मगच वळायचं. तो शेवटचा दिवा कातेरीनाच्या घरातला.

कातेरीनाचा नवरा नीकोलो एका वादळात गेला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो नाही लागला. त्या वेळी गावाची रीत अशी होती म्हणे, की माणूस बुडाला की त्याच्या घराची समुद्राकडची खिडकी बुजवायची, आणि ती विधवेच्या सख्ख्या भावाने. मेलेल्यासाठी दिवा जळत राहिला तर तो उजेडाच्या ओढीने परत येतो आणि जाताना जिवंतांना घेऊन जातो, अशी समजूत. हसू नका. समुद्रावर पोट असलेली माणसं सगळीकडे सारखीच भितात, मी वेंगुर्ल्यातही बघितलंय.

भाऊ बर्तोमे दगड-चुना घेऊन दारात आला, तेव्हा कातेरीनाने त्याचे पाय धरले.

"त्याचं प्रेत कुणी पाहिलंय का रे? तो वाट शोधत असला तर?"

"सगळं गाव माझ्याकडे बघतंय, कातेरीना," तो म्हणाला. "मला हे करू दे."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गावापुढे एकटीचं काय चालणार? बर्तोमेने रडत रडत खिडकी बुजवली. होडीवाला असला तरी गवंडीकामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि या सगळ्यात एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की आपण आपलीच खूण बुजवतो आहोत.

पुढे थंडीच्या तोंडाला एका संध्याकाळी धुकं उतरलं. होड्या परतत होत्या आणि सगळ्यांत पुढे बर्तोमेची होती, कारण वाट त्याला सर्वांत चांगली ठाऊक. खिडकी त्याने स्वतःच्या हातांनी बंद केली होती. पण सुकाणूवरच्या हाताला जन्माची सवय. धुक्यात त्याला शेवटचा म्हणून जो दिवा दिसला तो कातेरीनाच्या शेजारणीचा होता. तो मागे पडल्यावर बर्तोमे वळला, आणि त्याच्या भरवशावर मागच्याही वळल्या. एकामागून एक होड्या खडकावर फुटल्या.

कातेरीनाला भिंतीपलीकडून भावाचा आवाज ऐकू आला. "दिवा! दिवा कुठाय?" असं तो ओरडत होता म्हणे. ती नखांनी दगड ओरबाडत राहिली. एकही हलला नाही. काम पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी गाव पहारी घेऊन आलं, खिडकी उघडायला. कातेरीना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "हे माझ्या भावाच्या हातचं शेवटचं काम आहे," ती म्हणाली, "याला आता कुणी शिवायचं नाही." कुणाची छाती झाली नाही. मग आदल्या संध्याकाळी विधवा झालेल्या बायकांनीच त्या दगडांवर खिडकी रंगवली, आत दिवा रंगवला. आणि एक घर दुसऱ्यासारखं पुन्हा कधी दिसू नये म्हणून प्रत्येकीने आपल्या घराला वेगळा रंग दिला. बाकीच्या चार गावांनी तो यांच्याकडून उचलला. तुम्ही ज्याचे फोटो काढलेत ना, तो हा रंग.

रीतही त्या दिवसापासून उलटी झाली. आजही इथे बाई विधवा झाली की तिचा भाऊ येतो आणि तिच्या खिडकीत स्वतःच्या हाताने दिवा लावतो. मग तो ती जिवंत असेपर्यंत रोज लागतो. भाऊ येईपर्यंत मात्र त्या खिडकीत दुसऱ्या कुणी दिवा लावायचा नसतो.

बघा, खाली एकेक दिवा लागायला लागला. माझा नवरा गेल्याचं मी वेंगुर्ल्याला कळवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. परक्याशी लग्न केलं म्हणून दादाने तेव्हा बोलणं टाकलं होतं. इथले लोक म्हणतात, आम्ही लावतो. मी नको म्हणते.

ती चर्चच्या डावीकडची अंधारी खिडकी दिसते ना, ती माझी.