गहिनीनाथ आणि वाळवणाची पेटी

'नीट कर' एवढंच सांगून पाठ फिरवणाऱ्या माणसांनी या देशाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं दुष्काळानेही केलं नसेल. नीट म्हणजे कसं, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. काम बिघडल्यावर बोंब मारायला मात्र वेळच वेळ. तुम्ही कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा बसा आणि ऐका.

कुसळेवाडी नावाच्या गावात एक भोळा पदवीधर होता. त्याचं नाव गहिनीनाथ. भोळा असून पदवीधर कसा झाला, असं विचारू नका. परीक्षेत शिकवलेलंच विचारतात आणि गहिनीनाथ सांगितलेलं कधी विसरत नसे. फक्त ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कळत नसे.

त्याला वाढवलं त्याच्या चुलतीने, कौसाकाकूने. काकू गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बाया घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर, मेथी, टोमॅटो, कांदा वाळवायच्या. पण माळावरचा वारा त्यात धूळ कालवायचा आणि उरलेलं शेळ्या खायच्या. असला माल कोण घेणार? मग दर हिवाळ्यात पोरंबाळं मागे टाकून बाया ट्रॅक्टरात बसायच्या आणि दूरच्या द्राक्षबागांत मजुरीला जायच्या.

काकूच्या कानावर आलं की शहरात एक कॉलेज आहे. तिथे सूर्यापासून, वाऱ्यापासून, शेणापासून ऊर्जा कशी काढायची ते शिकवतात आणि त्यावर धंदा कसा उभा करायचा तेही शिकवतात. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावात एक यंत्र लावून दाखवावं लागतं.

"गहिनी, तू जा," काकू म्हणाली. "शिक, आणि भाजी वाळवायचं यंत्र घेऊन ये. मग आम्हाला त्या ट्रॅक्टरात बसायला नको."

गहिनीनाथ गेला.

ऊर्जा शिकवायला घारपुरे मॅडम होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच्या हातात एक सोलर पॅनेल दिलं. "हे गच्चीवर नेऊन नीट ठेव," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गहिनीनाथने ते गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीखाली छान सावली होती, तिथे ठेवलं. वरून स्वतःची चादर पांघरली.

दिवसभर विजेचा पत्ता नाही. मॅडम वर आल्या.

"गहिनीनाथ, हे काय?"

"काच आहे मॅडम. उन्हाने तापेल."

"अरे, उन्हासाठीच आणलीय! नीट ऐक. भर उन्हात ठेवायचं. तोंड दक्षिणेला. मागे जरासं रेललेलं. वर कसलीही सावली पडू द्यायची नाही. आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे चकाकतं."

"आलं ध्यानात," गहिनीनाथ म्हणाला. "पुढच्या खेपेला चुकायचो नाही."

आणि पुढच्या खेपेला तो चुकला नाही.

झालं असं, की धंदा शिकवायला बिडकर सर होते. त्यांनी एका मोठ्या उद्योजकाला भाषणाला बोलावलं. वेलणकर त्यांचं नाव. सौरपंपांचा कारखाना, वय झालेलं, टक्कल पडलेलं, हातात छत्री. पाहुणे वेळेआधीच आले. सर फोनवर म्हणाले, "गहिनीनाथ, मी येतोच आहे. तोवर त्यांना नीट बसव."

सर आले तेव्हा वर्गात पाहुणे नव्हते. कार्यालयातही नव्हते. सर धावत गच्चीवर गेले.

वेलणकर भर उन्हात आरामखुर्चीत होते. तोंड दक्षिणेला. मागे जरासे रेललेले. छत्री काढून घेतलेली. गहिनीनाथ ओल्या फडक्याने त्यांचं टक्कल पुसत होता.

"अरे बाबा, ऊन लागतंय रे मला," वेलणकर म्हणत होते.

"लागतंय ना?" गहिनीनाथ म्हणाला. "मग बरोबर बसलाय."

पाहुण्यांना खाली आणलं. भाषण झालं नाही. सरांनी गहिनीनाथला कोपऱ्यात घेतलं.

"अरे, आलेल्याला सावलीत घ्यायचं असतं! पंखा लावायचा. माठातलं गार पाणी द्यायचं, वर गुळाचा खडा. प्रवासात त्रास झाला का, विचारायचं. एकदा तोंड गोड केलं की तो वर्षानुवर्षं टिकतो. सगळा धंदा यावर चालतो."

"आलं ध्यानात. पुढच्या खेपेला चुकायचो नाही."

पुढच्या खेपेला प्रयोगशाळेत नवी बॅटरी आली. भली मोठी, पॅनेलची वीज साठवायची. मॅडम घाईत होत्या. "ही नीट सांभाळ," म्हणाल्या.

गहिनीनाथने बॅटरी सावलीत घेतली. पंखा लावला. "प्रवासात त्रास नाही ना झाला?" असं विचारलं. मग तिची सगळी बुचं उघडली, प्रत्येक भोकात माठातलं गार पाणी ओतलं आणि वरून एकेक गुळाचा खडा सोडला.

बॅटरी वर्षानुवर्षं टिकली नाही. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही.

"बॅटरीत गूळ?" मॅडमनी वाकून एका भोकात पाहिलं. "बॅटरीत गूळ?"

"सर म्हणाले, तोंड गोड केलं की टिकते."

"अरे, आत ॲसिड असतं! तिला हात लावायचा नाही. कोणाला जवळसुद्धा येऊ द्यायचं नाही. लाल अक्षरांत पाटी लावायची, धोका! खाली कवटी काढायची. कोणी आलंच जवळ, तर ओरडून लांब घालवायचं."

"आलं ध्यानात. पुढच्या खेपेला चुकायचो नाही."

लवकरच कॉलेजात उद्योजक मेळा भरला. गहिनीनाथच्या वर्गाने सौरचुलीत रव्याचा केक भाजला, शेंगदाणे भाजले आणि एक दुकान मांडलं. बाकीची पोरं जेवायला गेली. जाताना सर म्हणाले, "गहिनीनाथ, दुकान नीट सांभाळ."

एक बाई पोराला घेऊन आल्या.

"केक कसा दिला, दादा?"

"लांब व्हा!" गहिनीनाथ ओरडला.

"अहो, पण..."

"पोराला मागे घ्या, ताई! आधी पोराला मागे घ्या!"

बाईंनी वर पाहिलं. केकच्या वर लाल अक्षरांत पाटी होती, 'धोका'. खाली कवटी. चित्रकला त्याची बरी होती, कवटी हुबेहूब आली होती. बाई पोराला काखोटीला मारून पळाल्या. त्यांना पळताना पाहून शेजारच्या दुकानांवरची गिऱ्हाइकंही पळाली. थोड्या वेळाने मेळ्यात फक्त दुकानदार उरले.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकाला हाकलतात का? बोलवायचं असतं! झाकण उघडं टाकायचं. वास सुटू द्यायचा. वासावर माणूस येतो. 'या, या' म्हणायचं, आणि काही बोलायच्या आत हातावर नमुना ठेवायचा. आधी चव, मग भाव!"

"आलं ध्यानात. पुढच्या खेपेला चुकायचो नाही."

आता कॉलेजच्या मागे गोबरगॅसची टाकी होती. पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पण घाई करू नका, मलाही सांगताना मजा येते.

अभ्यासक्रमाची तपासणी करायला समिती आली. समिती खूश झाली तर अभ्यासक्रम चालू राहणार, नाहीतर बंद. मॅडमनी गहिनीनाथला मुद्दाम लांबचं काम दिलं. "तू मागे टाकीपाशी उभा राहा. समिती तिकडे आली तर नीट माहिती दे."

समिती तिकडे आलीच. येण्याआधीच तिला कळलं की आपण टाकीजवळ पोचत आहोत. झाकण सताड उघडं होतं.

"या, या!" गहिनीनाथने लांबूनच हाक दिली. "वास आला ना?"

समितीचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून पुढे आले. त्यांनी विचारायला तोंड उघडलं आणि हात पुढे केला. ते काही बोलायच्या आत गहिनीनाथने त्यांच्या तळव्यावर टाकीतलं पळीभर ठेवलं.

अध्यक्षांनी तळव्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"नमुना. आधी चव, मग भाव."

अभ्यासक्रम बंद पडला नाही, कारण अध्यक्ष हात धुवायला गेले ते तिकडूनच घरी गेले. अहवाल लिहायचा राहून गेला. पण मॅडमचा आवाज दोन दिवस बसला होता, एवढ्या त्या ओरडल्या.

"याचं झाकण घट्ट बंद पाहिजे! हवेचा कण आत जाता कामा नये. फट दिसली की मातीने लिंपून टाक. वर दगड ठेव. आत कुजू दे, फसफसू दे, फुगू दे. फुगलं की समज काम झालं. तोवर कोणी काही म्हणो, उघडायचं नाही!"

"आलं ध्यानात," गहिनीनाथ म्हणाला. आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुढच्या खेपेला चुकायचो नाही, मॅडम. पुढची खेप माझ्या गावात आहे."

मॅडमनाही वाईट वाटलं. माणूस मनाने चांगला होता हो. त्यांनी खपून त्याच्यासाठी वाळवणाची पेटी बनवून घेतली. आतून काळी, वर काचेचं झाकण, आत जाळीचे कप्पे. खाली झरोके, वर झरोके. खालून वारा आत, वरून वाफ बाहेर. सोपं काम. गावातली कुठलीही बाई बघता बघता शिकली असती. टेम्पोत पेटी चढवताना मॅडम म्हणाल्या, "जा. नीट लाव हं."

टेम्पो निघून गेला.

कुसळेवाडीत पेटीची पूजा झाली. नारळ फुटला. बायांनी आदल्या दिवसापासून बसून मेथी निवडली, टोमॅटो चिरले, कांदे चिरून डोळे लाल केले. काकूने फोनवर फोन करून शहरातल्या सुक्या भाज्यांच्या कंपनीच्या चौगुले साहेबांना गावात यायला तयार केलं होतं. माल पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. नाही पडला तर ट्रॅक्टर ठरलेलाच. बायांना मजुरीला नेणारा मुकादम दोनदा येऊन विचारून गेला होता, "मग किती बायांची नावं लिहू?" काकूने त्याला सांगितलं होतं, "रविवारपर्यंत थांब."

गहिनीनाथने कप्पे भरले. मग पेटीभोवती फिरून पाहिलं आणि चपापला. खाली फटी. वर फटी. सगळीकडे फटी!

"बनवणाऱ्याने केवढी चूक केलीय," तो म्हणाला. त्याने चिखल कालवला आणि एकेक झरोका लिंपून टाकला. काचेच्या कडा लिंपल्या. वर दोन दगड ठेवले.

"गहिनी," काकूने विचारलं, "वारा नको का रे आत जायला?"

"काकू, हवेचा कणसुद्धा आत जाता कामा नये. मॅडमनी ओरडून सांगितलंय."

शिकलेल्या माणसापुढे काकू काय बोलणार?

एक दिवस गेला. काच आतून धुरकट झाली. आणखी दिवस गेले. पेटीतून आवाज यायला लागला.

"आगं बया, हे बोलतंय की," गटातली धुरपदा म्हणाली.

"फसफसतंय," गहिनीनाथ आनंदाने म्हणाला. "काम चाललंय."

"धाब्यावरचं वाळवण वाळलं की आटतं," काकू म्हणाली. "हे तर वाढायला लागलंय. ती काच वर आल्यासारखी दिसत न्हाई का तुला?"

"फुगलं की काम झालं, काकू."

"अरे, एकदा उघडून तर बघू."

"कोणी काही म्हणो, उघडायचं नाही!" गहिनीनाथ पेटीपुढे आडवा उभा राहिला. रात्री झोपलाही तिथेच. आणखी दोन दगड आणून वर ठेवले.

रविवार उजाडला. कडक ऊन. बायांनी ठेवणीतली लुगडी नेसली. मुकादम पारावर येऊन बसला, त्याचा ट्रॅक्टर शेजारी उभा. चौगुले साहेबांची गाडी आली. साहेब पांढऱ्या सदऱ्यात, चष्मा लावून उतरले. ड्रायव्हर गाडीला टेकून उभा राहिला.

"कुठे आहे माल?" साहेबांनी विचारलं.

"या पेटीत," काकू म्हणाली. "चार गावांत नाही असं यंत्र आहे साहेब. पोरगं स्वतः शिकून आलंय."

साहेब पेटीपाशी गेले. काचेतून काही दिसेना. ते अजून जवळ गेले. वाकले. काचेला नाक लावलं.

"वर दगड कशाला ठेवलेत?"

"झाकण उडू नये म्हणून," गहिनीनाथ म्हणाला.

"वाळवणाचं झाकण कशाला उडेल?" साहेब हसले आणि त्यांनी दगड काढायला सुरुवात केली. पहिला काढला. दुसरा काढला. तिसऱ्याला हात लावला.

धडाम्!

काच माळावर गेली. साहेबांचा चष्मा पारावर गेला. मेथी गेली, टोमॅटो गेले, कांदे गेले, आठवडाभर उन्हात मुरलेला सगळा रस आभाळात गेला, क्षणभर तिथे थांबला आणि खाली आला. बऱ्यापैकी सगळा साहेबांवर आला.

मुकादम खिशातून पेन काढून नावं लिहायला लागला.

"फुगलं होतं," गहिनीनाथ हळूच म्हणाला. "काम झालं होतं."

काकूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मुकादमाकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं, मग पदर खोचला आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, यंत्र चांगलं आहे. ह्या झरोक्यांचा चिखल मी आत्ता माझ्या हाताने काढते. आमची भाजी चांगली आहे. एक डाव अजून बघा. ऑर्डरचं काय ते आत्ताच सांगा, म्हणजे मी ह्या मुकादमाला वाटेला लावते."

चौगुले साहेब तसेच उभे. कानातून मेथी लोंबत होती. भुवयांवरून टोमॅटो ठिबकत होता. त्यांनी तोंड उघडलं, त्यात कांदा गेला, म्हणून परत मिटलं.

"साहेब, काहीतरी बोला," काकू म्हणाली.

ड्रायव्हरने गाडीतून फडकं काढलं, साहेबांकडे नीट निरखून पाहिलं आणि ते फडकं परत आत ठेवलं.

"मावशी," तो म्हणाला, "साहेबांना आधी वाळू तर द्या."